ती पिशवी वेगळी

नमुन्याची म्हणून दिलेली ती पिशवी – तळहातापेक्षा थोडी मोठी, कुणा गोऱ्या माणसाच्या कातडीच्या रंगाची – चार दिवस कपाटाच्या मुठीला लटकत होती, आणि अक्षदाला तिचा राग येत होता. रिकामी असूनही. सोमवारी पनवेलला जायचं, जखमांनी सडलेलं मोठं आतडं काढून टाकायचं, पोटाला भोक पाडून तिथं शी साठायला ही चिकटवायची आणि पुढे कधीतरी दुसरं ऑपरेशन करून ही काढायची. डॉक्टर एवढंच बोलले. सहीचा कागद पुढे सरकवला आणि बाकीचं नेटवर वाचा म्हणाले, सगळं आहे तिथं.

सगळं... आणि तेही मराठीत! फोनमधल्या त्या पानावर एक पिकल्या केसांची बाई समुद्रकिनारी हसत होती – हसेल नाहीतर काय, तिला लोधिवलीत थोडंच राहायचंय – आणि खाली लिहिलं होतं, बहुतेक रुग्ण सामान्य जीवन जगतात. कमोडवर आरामात बसून पिशवी रिकामी करा. सुरुवातीला टोस्ट खा. गोल्फ तीन महिन्यांनी. अगं बये, मागच्या दारच्या संडासात उकिडवं बसायचं कसं ते सांग, सुकट-भाकरी चालेल का ते सांग, झोपेत नवऱ्याने कूस बदलली तर ही फुटते का – हे मी कुणाला विचारू? लेख कुणी लिहिला, कधी लिहिला, पत्ता नाही. शेवटी विचारलं होतं, माहिती उपयुक्त वाटली का? तिने ‘नाही’वर बोट दाबलं. ‘धन्यवाद’ आलं.

नवरा, स्वप्नील, बरा, तो वाचतच नाही. मोहोपाड्याच्या कारखान्यातून पहिल्या पाळीच्या मधल्या सुट्टीत व्हिडिओ पाठवतो – कोरफडीचा रस, एकवीस दिवस, आतड्याचा कसलाही आजार मुळासकट. तीन वर्षं रक्त पडतंय, दिवसातून पंधरा वेळा मागच्या दाराला धावतेय, आणि याला कोरफड सुचते. परवा जेवताना मात्र त्याने फोन हातात घेतला आणि मोठ्याने वाचलं, “काही महिन्यांनी पिशवी काढली जाते.” बस, तेवढंच वाक्य. तेवढंच अंबाबाईंच्या, तिच्या सासूच्या कानावर पडलं, आणि त्यांचा घास हातात राहिला.

काल कुंपणापलीकडच्या सोनाबाईला त्या सांगत होत्या, सुनेची पिशवी काढणार. तेव्हा अक्षदाला उलगडलं. इथे बायकांच्या तोंडी पिशवी म्हणजे एकच – गर्भाची. बाहेर धावत जाऊन सांगता आलं असतं, आई, ती पिशवी वेगळी. नाही सांगितलं. लग्नाला पाच वर्षं झाली, प्रत्येक सणाला यांनी पाळण्याचा विषय काढला, आजाराला बहाणा म्हणाल्या... जळू दे आता. दोन रात्री झोप उडू दे. आपल्यात एवढं विष आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

दुपारी अंबाबाई पेजेची वाटी घेऊन आल्या. ठेवली, पण गेल्या नाहीत. आता वंशाचं रडगाणं, म्हणून अक्षदाने फोन तोंडासमोर धरला.

“सही करू नको गं,” त्या म्हणाल्या. “माजी काडली तवा मी चौतीसची व्हते. अंगावरनं जायाचं, त्यावर काडली. घरी आल्यावर कळलं मला काय काडलं ते. मला कुनी इचारलं नाय, मी बी कुनाला इचारलं नाय. तू इचार. प्वॉर व्हनार का नाय, त्येवडं तरी इचार.”

अक्षदाच्या तोंडात ते वाक्य तयार होतं – ती पिशवी वेगळी, ही प्लॅस्टिकची, ही बघा लटकतेय. कालपासून जपून ठेवलेलं. म्हातारीचं अडाणीपण तिच्याच पदरात घालायचं, फोनमधलं पान दाखवून. त्यासाठीच तिने शोधायच्या चौकटीत ‘मूल’ लिहिलं. काही नाही. ‘गर्भ’ – काही नाही. ‘मुला’ लिहिल्यावर एक ओळ पिवळी झाली. ‘पिशव्या मुलांच्या आवाक्याबाहेर ठेवा.’

तिने ती पुन्हा वाचली. वीस वेळा हे पान वाचलं, टोस्टवर चिडले, गोल्फवर चिडले, आणि हे विचारायचं मला सुचलंच नाही... तिथलंच सगळं कापणार, तिथलंच सगळं शिवणार, मग शेजारच्या त्या दुसऱ्या पिशवीचं काय? आणि विचारलं कुणी – तर हिने. सगळंच चुकीचं समजून. राग होताच, अंगभर होता, पण आता तो नेमका कुणावर, ते सापडेना.

“काय म्हनतंय त्यात?” अंबाबाईंनी विचारलं.

ती पिशवी वेगळी, हे अजूनही खरं होतं. पण किती वेगळी, ते अक्षदाला आता माहीत नव्हतं. पेजेवर साय धरत होती आणि दोघी त्या फोनकडे बघत होत्या.