मामाची आख्खी गोळी

गुंडप्पामामा जत्रेत आकाशपाळणा लावतो. निलंग्यापासून माळेगावपर्यंत त्याच्या पाळण्यात न बसलेलं पोरगं शोधावं लागेल. पण यंदा डॉक्टरांनी त्याला वर चढायला बंदी केली. साखर वाढून चक्कर यायची. येणारच, कारण मामा साखरेची महागडी गोळी मोडून अर्धी घ्यायचा, तीही एकाआड एक दिवस.

मग त्या औषधाचं पेटंट संपलं आणि डॉक्टरांनी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून दिलं. कितीतरी स्वस्त. मी नाचतच पाकीट लातूरच्या आमच्या घरी आणलं; जत्रा नसली की मामा आमच्याकडेच असतो. मामाने ते उलटंपालटं केलं आणि खिडकीत ठेवून दिलं.

"ह्यात दम न्हाई. स्वस्तातल्या पाळण्याचे नटबोल्ट ढिले असतात."

आता पेटंटवर मी गेल्याच महिन्यात शाळेत भाषण ठोकलं होतं. आधी चार जणांपुढे माझी बोबडी वळायची, आता हातातला माईक सुटत नाही. मी ओढणी खोचली.

"मामा, पाळण्याचा ठेका एकाकडे असला की दुसरा लावू शकतो का?"

"कसा लावंल? उठवतील त्याला."

"मग तिकिटाचा भाव?"

"ठेकेदार म्हणंल तो."

"पेटंट म्हणजे तसाच ठेका, वीस वर्षांचा. शोध लावणाऱ्याने कमवावं म्हणून दिलेला. तो संपला, आता बाकीच्यांनीही पाळणे लावले. परदेशाशी व्यापाराचे करार करताना तिकडच्या औषध कंपन्या म्हणतात, आमचा ठेका अजून वाढवा. आपल्या सरकारने हो म्हटलं, तर असल्या गोळ्या स्वस्त व्हायला अजून किती वर्षं जातील."

"लई बोलायलीस तू."

"दुसऱ्याचा पाळणा तपासल्याबिगर सुरू होतो का?"

"न्हाई. इंजिनियर बोल्ट बघतो, मग परवानगी."

"गोळीचंही तसंच."

मामाने मान हलवली. पण हात काही पाकिटाकडे जाईना. तेवढ्यात भाकरी थापता थापता आई म्हणाली, "अण्णा, जुन्या पाळणेवाल्याचा ठेका सुटून तुझा पाळणा लागला, तवा लोक काय म्हणत होते?"

"जाऊ दे की."

"निम्मं तिकीट म्हणजे पाळणा कोसळणार. एक माणूस बसंना. मग कुणाला बसवलास पहिल्यांदा?"

"तुला," मामा हसू दाबत म्हणाला.

"अंगाची हळद उतरली नव्हती माझ्या. वरून सगळ्या जत्रेला हात करायला लावलास."

आम्ही इतके हसलो की तव्यावरची भाकरी करपली. मग मामाने पाकीट फोडलं. सवयीने गोळी मोडायला दोन बोटांत धरली, माझ्याकडे बघितलं आणि आख्खीच तोंडात टाकली.

महिन्याने रिपोर्ट आला, साखर खाली. डॉक्टर म्हणाले, चढा, पण नाश्ता करून.

काल मामाचा माळेगावच्या जत्रेतून फोन आला. वाऱ्याने शब्द कळेनात.

"मामा, कुठून बोलायलास?"

"वरून," मामा म्हणाला.