जिंकल्यावरच वाजणारी घंटा

मी मार्लो विद्यापीठाची घंटा बोलतेय. मूळची मी आगगाडीच्या इंजिनावरची. इंजिन मोडीत निघालं आणि मला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या या चिमुकल्या गावात, मैदानाच्या कडेला टांगलं. नियम एकच: आपल्या मैदानावर आपला संघ जिंकला, तरच मी वाजायचं. शेवटच्या वर्षाची मुलं धावत येऊन दोर ओढायची. हरले, की माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

हार्लन व्हॉसने तरुणपणी मला इतकं हिसडलं, की दोर तुटून गडी उताणा! गाव अजून त्याची टर उडवतं.

त्याचा मुलगा एमेट यंदा फुटबॉल संघाचा कप्तान; फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकी, चेंडू हातात घेऊन धावायचा. पण सगळा हंगाम हरण्यात गेला. त्यातच विद्यार्थी घटले म्हणून विद्यापीठाने सगळेच संघ बंद करायचं ठरवलं. शेवटचा सामना उरला. हार्लनची नजर गेली होती, फुप्फुसंही. नाकात नळी घालून तो माझ्या शेजारीच, कुंपणापलीकडे गाडीत बसला होता.

"एकदा तुझ्या हातची घंटा ऐकव रे. मग मी सुटलो."

"ऐकवतो, बाबा. आणि दोर नाही तोडणार!"

शेवटचे काही क्षण उरले आणि आम्ही पुढे होतो. गुडघा दुखावल्याने बाहेर बसलेल्या आमच्याच संघातल्या कोल्बीला राहवेना. तो लंगडत आला आणि दोन्ही हातांनी त्याने दोर ओढला.

"अरे थांब, संपलं नाहीये अजून!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात समोरच्यांच्या एका पोराने लांबून आलेला चेंडू आमच्या रेषेपलीकडे झेलला आणि गुणांत ते पुढे गेले. आम्ही हरलो. कोल्बीचा हात सुटला, पण मला थांबता येईना. मी वाजतच राहिले.

एमेट गाडीपाशी आला. हार्लन रडत होता, हसतही होता.

"ऐकली! तूच ओढलीस ना? दोर शाबूत आहे ना?"

एमेटच्या मागून कोल्बी म्हणाला, "काय ओढली याने, काका! थोडक्यात वाचला दोर."

नाताळाच्या आधीच हार्लन गेला.

आता मैदान विकलंय. माझ्यावर बर्फ साचलंय. परवा एमेट एकटाच आला, बराच वेळ दोर धरून उभा राहिला आणि न ओढताच निघून गेला. माझा जीव तुटला.

पोरा, परत ये. ओढ एकदा. नियम विचारायला आता इथे आहे कोण?