खेळातला माणूस

"माह्या भावाले त्या मोबाईलनं खाल्लं!" यशवंतराव माईकवर ओरडले आणि मांडवातला स्पीकर कर्कश शिट्टी मारून थांबला. "एवढा बाप माणूस, पोट्ट्यावाणी गोळ्या झाडत बसे. त्या दिवशी बायको शेजारी बारशाले गेली, पोरगी कॉलेजात. अन् हा कानाले हेडफोन लावून एकटाच मेला. पाणी पाजाले कोणी नव्हतं!"

काटोलला धम्मानंदचं पुण्यानुमोदन चाललं होतं. वंदना आटोपली होती आणि आता रीतीप्रमाणे एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलत होता. धम्मानंद ज्या औषधांच्या दुकानात कामाला होता त्याचा मालक म्हणाला, माणूस चोख, पण नाद वाईट. मेहुणा म्हणाला, मनानं सोनं, पण त्या खेळापायी वाया गेला. ही आदरांजली होती की पंचनामा, तेच कळत नव्हतं.

शेवटच्या रांगेत कृष्णकांत बसला होता. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, नागपूरला सदर भागात विम्याच्या कचेरीत कारकून. असा माणूस मोबाईलवर बंदूक चालवतो हे एकदा लोकांना कळलं की तो माणूस राहत नाही, त्याची गंमत होते. कचेरीत त्याला सगळे 'कमांडर' म्हणत आणि साहेबसुद्धा सलाम ठोकत. धरमपेठेतली बहीण मिनल स्थळांकडच्यांना सांगायची, "त्याला कॉम्प्युटरची आवड आहे." स्थळं तरीही परत जायची.

रोज संध्याकाळी मात्र कानात एक आवाज यायचा, "आला का गा?" तो धम्मानंदचा. सहा वर्षं दोघं एकत्र खेळले, पण कधी भेटले नाहीत. आज मांडवात हार घातलेला फोटो पाहिला तेव्हा कृष्णकांतला त्याचा चेहरा पहिल्यांदा दिसला. त्याची मुलगी रोशनी हिनं बापाच्या खेळातल्या खात्यावरून दोन ओळींचा निरोप पाठवला होता, म्हणून तर तो गेल्याचं कळलं. कृष्णकांत एकच गोष्ट सांगायला आला होता. धम्मानंद एकटा गेला नाही. मी त्याच्या कानात होतो.

"बाहेरगावचे पाहुणे दिसून राहिले," सूत्रसंचालक म्हणाला. "दुरून आलेल्या माणसानं दोन शब्द बोलाच लागते."

कृष्णकांत पुढे गेला. दुकानातलं गिऱ्हाईक होतो असं सांगून सुटता आलं असतं.

"मी त्याच्यासोबत खेळत होतो," तो म्हणाला. "त्या दिवशीही. छातीत कसंतरी होऊन राहिलं म्हणाला, अन् मग त्याचा आवाज बंद झाला. खेळातला त्याचा माणूस नुसता उभाच राहिला. त्याले कोणी मारू नये म्हणून मी शेवटपर्यंत त्याच्यापुढं उभा होतो. तो एकटा नव्हता."

मग मागून कोणीतरी खुसकन हसलं, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या रांगाच्या रांगा हसू दाबू लागल्या. "हे खेळते? हे काका?" सुतकी चेहऱ्यांना जणू सुट्टी मिळाली. रोशनी मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत बसली.

यशवंतराव हसले नाहीत. "छातीत होऊन राहिलं म्हणे, तं फोन काहून नाही केला घरी?"

"नंबर नव्हता."

"शेजाऱ्याले? दुकानात?"

"पत्ताही नव्हता माहीत."

"नंबर नाही, पत्ता नाही, अन् हा दोस्त!" यशवंतरावांनी माईक हिसकावून घेतला. "माहा भाऊ मरून राहिला होता, अन् हा त्याच्या बाहुल्याले वाचवून राहिला होता!"

आता कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं, असं कृष्णकांतला वाटलं. कारण यशवंतराव बोलले ते खरं होतं.

चपला शोधत तो मांडवाबाहेर आला, तेव्हा पाण्याच्या टाकीपाशी धम्मानंदची बायको उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"भाऊ, शेवटी काही म्हणलं का त्यायनं? माह्यासाठी?"

छातीचं सांगून झाल्यावर शेवटी धम्मानंद म्हणाला होता, "तू हो पुढं, गाडी घे, मी आलोच." गाडी खेळातली होती. हे या बाईला कसं सांगायचं? सगळ्यांनी लाथाडलेल्या कृष्णकांतला निदान एका माणसाच्या उपयोगी पडावंसं वाटलं.

"तुमचं नाव घेतलं त्यानं," कृष्णकांत म्हणाला.

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "नाव? काय म्हणे?"

कृष्णकांतनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सहा वर्षं रोज संध्याकाळी बोलूनही त्यानं कधी ते नाव विचारलं नव्हतं.

ती वाट पाहत राहिली. मग तिला कळलं.

"लग्न झाल्यापासून त्यायनं मले नावानं हाक मारली नाही," ती हळूच म्हणाली. "आइक वं, एवढंच म्हणे. तुम्ही खोटं बोलाले नव्हतं पाहिजे."

"चुकलं माझं, ताई."

"जेवून जा. उपाशी जाऊ नका." तिनं पदर सावरला. "पण पुन्हा येऊ नका आमच्याकडं."

तो जेवायला बसला. न जेवता निघून गेला असता तर तिचा शब्द मोडला असता. पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्रावळी रिकाम्या राहिल्या. त्याला रडू येत होतं आणि भूकही लागली होती, आणि दोन्हींची सारखीच लाज वाटत होती.

वाढणारा भाताचं टोपलं घेऊन आला. तो इतका वेळ चुलीपाशीच होता, त्याला मांडवातलं काही ठाऊक नव्हतं.

"कोणाकडचे गा तुम्ही?"

"धम्मानंदकडचा."

"बरं," वाढणारा म्हणाला आणि भात वाढून पुढे गेला.