इंचभर फोम

"बसल्या बसल्या काय चाचपताय? लोक बघतायत," बायको म्हणाली.

तो आपल्या सीटमध्ये अंगठा दाबून बघत होता. विमान अजून जागचं हललंही नव्हतं. अंगठा आत गेला आणि थेट खालच्या पत्र्याला टेकला. त्याने दुसरीकडे दाबून पाहिलं, तेच. मग हात लांब करून तिच्या सीटची कड दाबली. तिथेही तेच.

विमानाच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात त्याची एकोणतीस वर्षं गेली होती. फोम कापायचा, कव्हर चढवायचं, शिवण मारायची. माणूस चांगला शिकलेला, पण फोमची प्रत नुसत्या अंगठ्याने सांगायचा, म्हणून कारखान्यात त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. हजारो सीटा त्याच्या हाताखालून गेल्या. विमानात मात्र तो आज पहिल्यांदाच चढला होता.

निवृत्तीआधीची सहा वर्षं फोरमनने फोम इंचभर कमी करायला लावला होता. "जवळच्या पल्ल्याची विमानं आहेत ही. तासाभराचा प्रवास, कुणाला कळतंय?" असं तो म्हणाला होता. तेव्हा मनात पाल चुकचुकली होती, नाही असं नाही. पण मान डोलवून याने फोम कापला. आता तिच्या सीटच्या कव्हरच्या कोपऱ्यात तीन उलटे टाके दिसत होते. असे टाके कारखान्यात तो एकटाच घालायचा. आणि हा प्रवास चौदा तासांचा होता.

"तुमच्या हातची आहे का?" तिने विचारलं.

"दिसतेय तशी."

"मग काय, घरचाच कारभार!" ती हसली आणि हसताना कमरेला हात लावला.

कॅन्सर तिच्या मणक्यात उतरला होता. डॉक्टरांनी प्रवास नकोच म्हटलं होतं. चौदा तास बसून राहणं झेपायचं नाही, म्हणाले. यानेच त्यांची समजूत घातली होती, "सीटांचं मला सांगू नका डॉक्टर, त्यात माझा जन्म गेलाय. मी तिला आरामात नेतो." दूरदेशी मुलीचं बाळंतपण दोन आठवड्यांवर आलं होतं. मुलीला नुसती कंबरदुखी सांगितली होती. तिने धसका घेऊ नये म्हणून आईने एकच ठरवलं होतं: विमानतळाच्या दारातून आपल्या पायांनी बाहेर यायचं. पोरीने आपल्याला उभं बघायचं. पुढचं पुढे.

मुलीने फोनवर यादी पाठवली होती. दर तासाला उठून चार पावलं टाका. घोट घोट पाणी प्या. बूट सैल करा. मानेखाली उशी घ्या. सिनेमा बघा, म्हणजे वेळ कळणार नाही.

"शाळेत असताना मी एवढा अभ्यास केला असता तर कलेक्टर झाले असते," ती म्हणाली, पण यादी तिने मनापासून पाळली. पहिले दोन तास बरे गेले. मानेची उशी त्याने स्वतः शिवली होती, ती तिला फार आवडली. एक सिनेमा अर्धा बघून झाला. त्यात सारखं कुणीतरी पळत होतं. "बसायला सांगा हो त्याला," ती म्हणाली.

तिसऱ्या तासाला तिचं बोलणं थांबलं. चौथ्या तासाला चार पावलं टाकायला ती उठली आणि दोन पावलांतच परत बसली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी खिडक्या बंद करून आत अंधार केला होता. आजूबाजूची माणसं घोरत होती. ती ओठ आवळून कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर कलत होती. दुखण्याची गोळी आणखी दोन तास घेता येणार नव्हती.

त्याला राहवेना. "हा फोम मीच कापलाय गं. इंचभर कमी. सहा वर्षं असाच कापला. जवळच्या प्रवासाला आहे असं सांगितलं होतं मला."

तिने सीटच्या कडेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सहा वर्षं? म्हणजे कुणाकुणाच्या बायका बसल्या असतील हो यावर."

ती रागाने बोलली नव्हती, तेच त्याला जास्त लागलं. त्याला स्वतःची शरम वाटली. फोरमनला शिव्या घालूनही ती जाईना, कारण कात्री फोरमनच्या हातात नव्हती.

तो उठला. सीटखाली हात घालून त्याने वेल्क्रोच्या पट्ट्या शोधल्या. कुठे असतात ते त्याला डोळे मिटूनही सापडलं असतं. चर्रकन आवाज झाला आणि त्याच्या सीटची अख्खी गादी सुटून हातात आली. तिला हाताला धरून उभं करून त्याने ती गादी तिच्या गादीवर ठेवली. मग तिला बसवलं, पट्टा बांधला, आणि स्वतः उघड्या पत्र्यावर बसला.

"अहो, वेडे झालात का?"

"आता कसं वाटतंय ते सांग."

तिने डोळे मिटले. "बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिला झोप लागली.

पाण्याचा ट्रे घेऊन आलेल्या हवाईसुंदरीने त्याच्याखाली पाहिलं आणि ती थबकली. "काका, हे असं चालत नाही."

"माहीत आहे मला. ह्या सीटा मीच शिवल्यात. कमी शिवल्यात."

तिला ते किती कळलं कोण जाणे. झोपलेल्या बाईकडे बघून ती हळूच म्हणाली, "उतरायच्या आधी मात्र जागेवर लावा हं." नऊ तासांत तिने दोनदा त्याला पांघरूण आणून दिलं. दोन्ही पांघरुणं त्याने बायकोच्या पाठीशी लावली.

विमान उतरलं तेव्हा त्याला मांड्यांचा पत्ता नव्हता. ती मात्र जागी होऊन, केस विंचरून तयार होती. विमानाच्या दाराशी चाकांची खुर्ची घेऊन एक माणूस उभा होता. एवढी लांब वाट आपल्याने होणार नाही हे तिने ओळखलं आणि मुकाट्याने बसली. तो मागून लंगडत चालला.

बाहेरच्या काचेच्या दाराआधी तिने हात वर केला. "थांबा. मी उठते."

तिला उभं करायला दोघे लागले. उभी राहिली, पण पाय लटपटत होते.

"आता तुम्ही बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी?"

"मला धरायला काहीतरी हवं. आणि रिकामी खुर्ची दिसली तर पोर विचारेल कुणासाठी आहे म्हणून. बसा लवकर."

तो बसला. खुर्चीवाला बाजूला झाला, पण एक हात त्याने खुर्चीला लावून ठेवला. दार उघडलं. कठड्यापलीकडे मुलगी उभी होती, पोटावर हात धरून. तिने आईला पाहिलं, हसली, मग खुर्चीत बापाला पाहून तिचा चेहरा उतरला.

"बाबा! तुम्हाला काय झालं?"

"काही नाही गं," आई मागून म्हणाली. "बसून बसून पाय आखडलेत. पहिलटकर ना विमानाचे!"

"आई, तू मात्र बरी दिसतेस."

"मला काय धाड भरलीय?"

मुलगी कशीबशी वाकून त्याचे गुडघे चोळू लागली. खुर्ची थरथरत होती. मागच्या मुठी धरलेल्या बायकोच्या हातांची थरथर खुर्चीतून त्याच्या पाठीत उतरत होती. मुलीने मान वर केली.

"बाबा, थरथरताय तुम्ही. थंडी वाजतेय का?"

"हो गं," तो म्हणाला. "थोडीशी."