कोणता ठोका सुनेचा?

लामदुआनबाई माणूस आणि खल एकाच रीतीनं पारखायच्या. खलाला बत्ता मारायच्या, माणसाला शब्द. अस्सल दगडाचा खल ठोकला की देवळातल्या घंटेसारखा कितीतरी वेळ गुणगुणत राहतो; सिमेंट ओतून वर काळा रंग फासलेला असला की 'थप्' म्हणतो आणि गप्प बसतो. माणसांतही हेच दोन प्रकार, असं बाईंचं मत होतं, आणि बँकॉकजवळच्या आंग सिलाच्या किनाऱ्यावर बाईंच्या मतावर अपील नव्हतं.

सुनेची पारख त्यांनी लग्नाआधीच केली होती. जुन्या बायका करतात तशी: पोरीच्या घराबाहेर सहज आल्यासारखं उभं राहायचं आणि आत मिरची कुटली जातेय तिचा आवाज ऐकायचा. ठोका एकसारखा पडला तर पोरगी संसार नेटका करणार. मुकचा ठोका असा, की दारू प्यायलेला माणूस लाकडी जिना चढतोय. दोन पायऱ्या पटपट, मग बराच वेळ काहीच नाही, मग धाडकन एक. बाईंनी लेकाला, जेतला, सांगून पाहिलं. पण त्याला ऐकायला कान कुठं होते? त्याला नुसते डोळे होते. लग्न झालं, तो मोटारीच्या कारखान्यात कामाला गेला, शनिवार-रविवारी घरी येऊ लागला आणि सून बाईंच्या वाट्याला आली. बाईंच्या हिशेबात मुकच्या नावावर जमेला बरंच होतं. शिकलेली होती, हसरी होती, दगडाच्या चुऱ्यात अनवाणी वावरायची. पण नावेच्या बाजूला तो एक ठोका असा बसला होता, की बाकी काढली की नेहमी नावेच निघे.

खल विकणं मात्र आता जड जात होतं. पूर्वी मासळी खायला येणाऱ्या गाड्या जाता जाता दुकानासमोर थांबायच्या. नवा रस्ता वरून गेला आणि गाड्याही वरून गेल्या. खल घडवणारा बाईंचा दीर बुनल्यू दिवसाचा निम्मा वेळ छिन्नीला धार लावण्यात काढी, कारण छिन्नी वापरायचं कारण उरलं नव्हतं. अशात वीरोत शेठ आले. त्यांना अंगणात कॉफीचं दुकान काढायचं होतं. समुद्राच्या बाजूला काचेची भिंत घालणार होते.

"आणि हे दगड?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच राहू द्या की शोभेला. त्यात रोपं लावू."

खलात रोपं! बुनल्यू उठून आतच गेला. पण बाई व्यवहाराच्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. सोंगक्रानच्या, नव्या वर्षाच्या सणापर्यंत मुदत मागून घेतली. तेव्हा मुक म्हणाली, "आई, तोवर मला वेबसाइट करू द्या. सणापर्यंत खल खपले नाहीत तर खुशाल द्या जागा."

"आणि खपले तर?"

"तर काका खल घडवतील, मी विकीन, तुम्ही ओरडाल. आहे तसंच."

वेबसाइट झाली. दिसायला अशी देखणी, की बाईंना स्वतःचंच दुकान ओळखू येईना. मुकनं फोन पुढं धरला आणि बाई चष्मा लावून एकेक ओळ तपासत बसल्या.

"'साध्या सुंदर जगण्याचा पाषाणस्पर्श.' हे काय गं?"

"बँकॉकच्या लोकांना असं आवडतं, आई."

"बँकॉकचे लोक मिरची कुटत नाहीत? हात फिरवत बसतात होय दगडावर?" बाईंनी बोट खाली सरकवलं आणि किंचाळल्याच. "हा फोटो कुणी टाकला?"

फोटोत त्यांच्या काळ्याभोर खलात कच्च्या पपईची कोशिंबीर, सोमतम, सजवलेली होती, वर लालचुटुक टोमॅटो.

"छान दिसत होतं म्हणून..."

"दगडाच्या खलात सोमतम? लगदा होईल पपईचा! त्याला मातीचा खल आणि लाकडी बत्ता लागतो. हा फोटो पाहून लोक म्हणतील, या घरात कुणाला खलाचं काही कळत नाही. काढ तो. आणि त्या जागी लिही, 'सोमतम करायचं असेल तर आमचा खल घेऊ नका.'"

"कुठला दुकानदार असं लिहितो, आई?"

"मी लिहिते."

मुकनं तोंड पाडून लिहिलं आणि तेच वाक्य आधी पसरलं. 'घेऊ नका' म्हणणारी ही कोण, ते बघायला लोक येऊ लागले. येत, बघत, हसत आणि जात. बघणाऱ्यांची जत्रा आणि घेणारा एकही नाही. शेवटी नाखोन सावानहून एका बाईनं लिहिलं, "फोटो झकास आहेत. पण वाजवून कसा बघू?"

"आगाऊ कुठली," लामदुआनबाई म्हणाल्या. "माझ्यावर संशय!" मग बत्ता उचलून समोरचा खल उगाच ठोकून पाहिला. त्यांनी स्वतः तरी न वाजवता खल घेतला असता का? बापानं दिला असता तरी आधी ठोकून पाहिला असता. त्या मुकला म्हणाल्या, "तुझ्या वेबसाइटला डोळे आहेत. कान नाहीत."

दुसऱ्या दिवशी कान बसवायला सुरुवात झाली. प्रत्येक खलाला आकडा, प्रत्येकाचा फोटो आणि फोटोखाली त्याच खलाचा आवाज. इथून तिथून दगड एकच, पण दोन खल एकसारखे वाजत नाहीत, त्यामुळे सगळे वाजवणं आलं. मुक बत्ता मारी आणि दुसऱ्या हातात फोन धरी. मध्येच कावळा ओरडे, मध्येच मासळीवाल्याची मोटारसायकल जाई. बुनल्यूला तर छिन्नी थांबवून पुतळ्यासारखं बसावं लागे.

"हातात काम नव्हतं तेव्हा कुणी गप्प बस म्हणालं नाही," तो कुरकुरला. "आता एक खल घडवायला घेतला तर गप्प बस!"

बाई शेजारी बसून निवाडा देत. हा ठेव. हा ठेव. हा नको, आत चीर आहे.

"मला काही ऐकू आलं नाही," मुक म्हणायची.

"यायचं नाही. कान लग्नात आंदण मिळत नाहीत."

असं बरेच दिवस चाललं. मग एकदा मुकनं एका मोठ्या खलावर बत्ता टाकला आणि बाईंनी तोंड उघडायच्या आत तिनंच तो बाजूला सरकवला. "चीर आहे," ती म्हणाली. बाईंनी पुन्हा ठोकून पाहिला. चीर होती, केसाएवढी. जमेच्या बाजूला काहीतरी टिपलं गेलं, हे बुनल्यूनं त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

आवाज लागले तशी विक्री सुरू झाली. नाखोन सावानच्या बाईनं एक खल घेतला, मग बहिणीसाठी दुसरा मागवला. पण एवढ्यानं वीरोत शेठ परत फिरणार नव्हते. सण तोंडावर आला तेव्हा मुक म्हणाली, "आई, एक गंमत करू. तुम्ही मिरची कुटा, मी कुटते. दोन्ही आवाज टाकू आणि लोकांना विचारू, सासू कोणती आणि सून कोणती?"

"घरातली अब्रू वेबसाइटवर?"

"दगडात लोकांना रस थोडा, सासू-सुनेत भरपूर."

हे काही खोटं नव्हतं. बाईंनी सकाळी सुकी मिरची, लसूण आणि कोळंबीचा मसाला घेऊन कुटलं. मग ठेवणीतला झंपर घालून देवळात गेल्या. त्या परत येईपर्यंत मुकचंही कुटून झालं होतं. अंगणात सगळे बसले आणि मुकनं पहिला आवाज लावला.

संथ, खोल आणि एकसारखा. एक ठोका संपतोय तोवर त्याच्या गुणगुणीवर दुसरा येऊन बसे. बाईंनी डोळे मिटले. "ही मी," त्या म्हणाल्या.

दुसरा आवाजही बरा होता, पण जरा घाईतला, आणि मधे एकदा अडखळलेला. "ही तू. बघ, अजून पाय घसरतो जिन्यावर."

बुनल्यूनं छिन्नी खाली ठेवली आणि गुडघ्यावर थाप मारून हसत सुटला. "उलटं, वहिनी!"

"काय उलटं?"

"दुसरा ठोका तुमचा. देवळात जायची घाई होती ना! पहिला हिचा. मी इथंच बसलो होतो की."

मुकचं बोट फोनवरच्या पुसून टाकायच्या खुणेवर गेलं. सगळी वेबसाइट या एका कानाच्या भरवशावर उभी होती: 'प्रत्येक खल लामदुआनबाईंनी स्वतः ऐकून निवडलेला.' "आई, राहू दे. नाही टाकत."

"पुन्हा लाव."

मुकनं पुन्हा लावला. बाईंनी शेवटपर्यंत ऐकला. "कधी शिकलीस?"

"तुमचे खल वाजवून वाजवून. बत्ता मारायचा नसतो, आई. पडू द्यायचा असतो. मग दगडच त्याला वर उडवतो."

ही गोष्ट बाईंना आईनं सांगितली होती. त्यांनी मुकला ती कधी सांगितली नव्हती. सुनेनं ती दगडाकडून परस्पर काढून घेतली होती.

"टाक," बाई म्हणाल्या.

"पण लोक म्हणतील, सासूला स्वतःचा ठोका..."

"मी चुकले हे आधीच कशाला सांगतेस? आधी त्यांना चुकू दे."

आणि लोक चुकले. मनसोक्त चुकले. आवाजांखालच्या प्रतिक्रियांत भांडणं लागली, सासवा सुनांशी भांडल्या, एका स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईनं आपल्या कार्यक्रमात दोन्ही आवाज लावले आणि पैज मारून हरली. पहिला ठोका सासूचा, यावर जवळपास सगळ्यांचं एकमत होतं. मग ठरलेल्या दिवशी लामदुआनबाई तोंडाला पावडर लावून फोनसमोर बसल्या. शेजारी मुकला बसवलं.

"पहिला ठोका माझ्या सुनेचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही चुकलात, त्यात लाज वाटून घेऊ नका. मीही चुकले. माझ्यासारखा कान चुकतो तेव्हा समजावं, की समोरचा ठोका तसा होता. हिला पाहायला गेले तेव्हा हिचा आवाज ऐकून मी लेकाला म्हणाले होते, ही नको. आता कुणी मागायला आलं तरी द्यायची नाही."

मुक लाजून फोनच्या चौकटीबाहेर गेली. बाईंनी दंडाला धरून तिला परत आत ओढलं आणि पुढं खलाची माहिती सांगू लागल्या. सुनेचं कौतुक जागेवर, धंदा जागेवर. सोमतमची ताकीदही विसरल्या नाहीत.

त्यानंतर ऑर्डरी अशा आल्या, की बुनल्यूनं गाडी चालवायला गेलेले दोन जुने पाथरवट परत बोलावले. अंगणात पेंढा आणि खोकी. पुढच्या तारखांना खल देण्याचे वायदे होऊ लागले. देवळात, बाजारात, मासळीच्या रांगेत बाई विचारलं नाही तरी सांगत, "आमच्या मुकची वेबसाइट." पूर्वी त्या 'जेतची बायको' म्हणत.

सणाच्या आदल्या दिवशी वीरोत शेठ कराराचे कागद घेऊन आले. खोक्यांमधून वाट काढत आत पोहोचेपर्यंत त्यांनी हातातली फाइल स्वतःच मिटली होती.

"म्हणजे जागा नाही," ते म्हणाले.

"जागा कुठं उरलीय, शेठ? बघताय ना. तुमची रोपं कशात लावू?"

शेठ हसले. मग जरा घसा साफ करून म्हणाले, "खरं तर दुसरंही काम होतं. बायकोनं पाठवलंय. तीही त्या आवाजांवर पैज लावून हरली, तेव्हापासून घरात एकच ध्यास. सुनेनं ज्यात कुटलं तो खल हवाय तिला. सांगाल ती किंमत."

अंगणातले सगळे हात थांबले. मुकनं सासूकडं पाहिलं. किंमत सांगायची संधी बाईंनी आजवर कधी सोडली नव्हती.

"तो विकायचा नाही," लामदुआनबाई म्हणाल्या.

"अहो, पण खल विकायलाच तर बसलाय तुम्ही!"

"तो स्वयंपाकघरातला आहे. दुकानातला नाही." त्यांनी उठून रांगेतला एक खल ठोकला, गुणगुण पुरती विरेपर्यंत थांबल्या आणि शेठपुढं सरकवला. "हा न्या. त्याच दगडातला आहे, बुनल्यूच्याच हातचा. किंमत वेबसाइटवर आहे, तीच. आवाज मात्र बायकोला स्वतःच काढावा लागेल."