वहीतलं वय

छत्तीस वर्षं मी शाळेची कारकून होते, आणि त्यातली निम्मी वर्षं मी मुलांची वयं बनवली. बनवली म्हणजे बनवलीच, उगाच गोड शब्द कशाला शोधायचा? नियम असा होता की पहिलीत घ्यायचं तर पोराला सहा पूर्ण हवीत आणि सातच्या वर नकोत. घरी जन्मलेल्या पोरांकडे दाखला नसायचा. आई सांगेल तोच जन्म. आणि आया काय सांगायच्या, तर फार ऊन होतं तेव्हा झाला. आता उन्हाची तारीख मी कुठून आणू? मग मी पोराकडे बघायची, आईकडे बघायची आणि वहीत एक तारीख टाकायची. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत सही करायचे.

यालाही हात बसावा लागतो. कच्चा कारकून बरोबर सहा वर्षांची तारीख टाकतो आणि तपासनिसाच्या पहिल्या नजरेत सापडतो. मी थोराड पोराला चारसहा महिने वरचे द्यायची, बारक्याला नियमाच्या काठावर ठेवायची. अंगापिंडाला शोभेल असं वय. एवढ्या वर्षांत माझी एकही नोंद पकडली गेली नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. जळो तो अभिमान.

खांब्याची आई लॉन्ड्रीत इस्त्रीला लागणार होती. अट एकच, पोर बरोबर आणायचं नाही. घरात तिसरं माणूस नाही. खांब्या तेव्हा साडेपाचचा, पण उंची अशी की माझ्या टेबलाच्या पार टोकाचा शिक्का त्यानं बसल्या जागेवरून उचलला. मी साडेसहा लिहिलं. त्याच पानावर चार ओळी खाली पिटू. हा किल्ल्या बनवणाऱ्याचा मुलगा. दोन वर्षं आजारपणात गेलेली, वय साडेसात, आणि दिसायला मूठभर. नियमानं त्याला परत पाठवायला हवं होतं, वरच्या कार्यालयाचं पत्र आणा म्हणून. ते पत्र येईपर्यंत पोर आठ पूर्ण करून बसलं असतं. मी त्याला नुकताच सहाचा केला. दोघं एका बाकावर बसले ते पुढं कायमचेच चिकटले.

मग विधिमंडळात तो कायदा आला. कुठल्याशा शहरात सतरा वर्षांच्या मुलानं फार वाईट काही केलं होतं आणि लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग खोटा नव्हता, मलाही आला होता. आधी अठराच्या आतल्या सगळ्यांना सुधारगृह होतं. आता ठरलं की गुन्ह्यात माणूस गेला तर सोळाच्या वरचा मुलगा मोठ्यांच्या कोर्टात उभा राहील आणि मोठ्यांच्याच तुरुंगात जाईल. वय ठरवायचं शाळेच्या पहिल्या नोंदीवरून. मी टीव्हीसमोर भाजी निवडत बसले होते, आणि खरं सांगते, बरं झालं म्हणाले.

कायदा लागू होऊन तीन आठवडे झाले असतील, तर खांब्या आणि पिटू तांब्याची तार चोरायला एका गोदामात शिरले. रखवालदारानं धरलं. झटापट झाली, कोणीतरी ढकललं, म्हातारा जिन्यावरून पडला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. कोणी ढकललं ते दोघंही सांगत नाहीत. आम्ही होतो, एवढंच म्हणतात. वहीप्रमाणे खांब्या सव्वासोळा आणि पिटू पावणेसोळा. खरं बघाल तर खांब्या सव्वापंधरा आणि पिटू सव्वासतरा. मी नियमापुरतं सहाच लिहिलं असतं तरी खांब्या सोळाच्या आत राहिला असता. वरचे सहा महिने माझ्या हुशारीचे.

खांब्याची आई माझ्याकडे आली ती कामावरून तशीच, हाताला वाफेचे चट्टे. ती रडली नाही. कोर्टानं दिलेल्या वकीलबाईंनी तिला सांगितलं होतं की नोंद करणाऱ्यानं स्वतः शपथेवर चूक कबूल केली आणि न्यायाधीशांना पटलं, तर वय बदलता येतं. आईच्या शब्दाला किंमत नाही, कारकुनाच्या शब्दाला आहे. असा हा कायदा. येईन म्हणाले. माझी पेन्शन अडकेल का हे तिनं विचारलं, मी नाही. गेली खड्ड्यात पेन्शन, म्हणाले.

पण कोर्टाआधी मी आमदाराकडे गेले. नोंदीचं कलम त्यानंच मांडलेलं, आणि तो माझ्याच शाळेचा. दरवर्षी ज्या तारखेला त्याच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लागतात, ती तारीख मी एका दुपारी चहा पिता पिता ठरवलेली आहे. हे त्यालाही माहीत आहे. मला बघून तो खुर्चीतून उठला, दार लावून घेतलं. मी म्हटलं, अरे, तू तरी असं कलम घालायचं नव्हतंस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. सभागृहात सगळे विचारत होते, की पालक उद्या वाटेल ते वय सांगतील, तेव्हा एक तरी कागद पक्का हवा होता, म्हणाला.

"बाई, कुठंतरी रेघ ओढावीच लागते."

"ओढ ना. पण माझ्या वहीवर कशाला ओढलीस? ती कशी भरली जायची ते तुला ठाऊक होतं."

तो हसला, पण कसनुसा. ती वही खोटी ठरली तर त्याचा पहिल्या निवडणुकीचा अर्जही खोटा ठरतो, कारण तेव्हा त्याचं खरं वय उमेदवारीच्या अटीत बसत नव्हतं. हे तो बोलला नाही. मीही बोलले नाही. जिनं दोर वळला तिनं गळफासाबद्दल कोणाशी भांडावं?

कोर्टाची खोली आमच्या वर्गाएवढीच होती. एका बाकावर दोघं पोरं, त्यांच्यामागे पोलीस. पलीकडे रखवालदाराची बायको, मांडीवर पिशवी घट्ट धरून. तिच्याकडे बघायचं मी टाळलं. शेवटच्या रांगेत पिटूचा बाप, खिशातल्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून वरून हात दाबून बसलेला. तो माझ्याकडे एकदाही आला नव्हता. येऊन काय म्हणणार होता?

वकीलबाईंनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. लॉन्ड्रीची अट, उंची, साडेपाचाचे साडेसहा. बोलताना माझा आवाज एवढासुद्धा हलला नाही. खरं बोलणं इतकं सोपं असतं हे मला म्हातारपणी कळलं. खांब्याची आई तोंडावर हात धरून ऐकत होती.

मग सरकारी वकील उठले. आवाज अगदी मऊ. त्यांनी वही माझ्यासमोर ठेवली, तेच पान. माझंच वळणदार अक्षर. म्हणाले, या पानावर चाळीस नोंदी आहेत, सगळ्या तुमच्या हातच्या.

"यातली आणखी एखादी नोंद खोटी आहे का?"

माझं बोट आपोआप चार ओळी खाली गेलं, ते मी आवरलं. हो म्हणाले असते तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, कुठली. शपथेवर सांगावं लागलं असतं, आणि पिटू त्याच दिवशी सव्वासतराचा झाला असता. खांब्याला बाहेर काढायचं तर त्याच्या जागी पिटूला ठेवायचं. मी बाकाकडे पाहिलं. पिटू खाली मान घालून बसला होता आणि खांब्या त्याच्या कानात काहीतरी सांगत होता. मला नाही जमलं. न्याय काय होता ते मला पक्कं कळत होतं, तरी नाही जमलं.

"नाही," मी म्हणाले. "बाकीच्या सगळ्या बरोबर आहेत."

सरकारी वकिलांनी मान डोलावली. त्यांना हेच हवं होतं, आणि मला मेलीला ते तेव्हाच कळलं. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, एवढी चोख वही ठेवणारी बाई, चाळीसपैकी एकोणचाळीस नोंदी बरोबर, आणि नेमकी जिच्यावर आज एक मुलगा सुटतो तेवढीच खोटी. यांचं मन मोठं आहे, पण म्हणून हे खरं मानायचं का?

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. न्यायाधीश माझ्याशी आदरानंच बोलले. शिक्षकांची आणि शाळेतल्या माणसांची मुलांवरची माया समजू शकते, म्हणाले, पण नोंदवही विश्वासार्ह असल्याचं साक्षीदारानंच सांगितलं आहे. वहीतलं वय कायम. खांब्या मोठ्यांच्या कोर्टात, पिटू सुधारगृहात. सव्वापंधरा वर्षांचा मुलगा तुरुंगाच्या गाडीत बसला आणि सव्वासतराचा दुसऱ्या गाडीत. गाडीकडे नेताना खांब्या पिटूला म्हणाला, तू घाबरू नकोस, तिथं लहान मुलंच असतात.

पिटूचा बाप माझ्याजवळून गेला. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत उपकारांची जाण होती. ती मला सोसवली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाई खांब्याच्या आईला समजावत होत्या. वर अपील करता येईल, पण हातात नवं काही हवं. त्या पानावरची आणखी एक जरी नोंद खोटी निघाली असती तरी वहीवरचा विश्वास उडाला असता आणि मुलगा वाचला असता, असं त्या म्हणाल्या आणि पुढच्या केसला गेल्या. मी भिंतीला टेकून ऐकत होते. खांब्याची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दहा वर्षांत तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, एक ते वय सोडून.

"बाई, खरंच दुसरी कुठलीच खोटी नव्हती?"

कोर्टात मला शपथ होती, वकील होते, पिटू समोर बसलेला होता. इथं कोणी नव्हतं. इथं फक्त ती होती आणि तिला खरं सांगायला मला कोणाची आडकाठी नव्हती.

"नाही गं," मी म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग तुमचा काय दोष," म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत, त्यांनाच पटलं नाही." जिना उंच होता. माझं वय झालं म्हणून तिनं माझा हात धरला आणि एकेक पायरी सांभाळून मला खाली उतरवलं.