बात्माचं विरजण

तोक्तोसूनच्या अंगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कोक-बुलाकची माणसं गवतकापणी अर्धवट टाकून आली होती आणि विळे कुंपणाला लटकत होते. सगळ्यांच्या माना एका लाकडी पिंपावर वाकल्या होत्या. पिंपात मक्सिम होतं आणि ते खदखदत होतं. खाली विस्तव नाही, चूल नाही, तरी बुडबुडे वर येत होते आणि फेस काठावरून ओघळत होता.

"हा फेस नव्हे, श्वास आहे," काठी उंचावून कालमुर्झा बक्षी, म्हणजे मांत्रिक, म्हणाला. "चाळीस दिवस तोक्तोसूनची बात्मा दाराबाहेर ताटकळली होती. मी काठीनं दार उघडलं, ती आत आली."

"जन्मभर पिंपाशी राबली, मेल्यावर पिंपातच आली बिचारी," कोणीतरी पुटपुटलं. पण हसलं कोणी नाही.

मक्सिम ही तशी घरोघरची गोष्ट. बिअरची धाकटी बहीणच म्हणा. भरडलेले जव-गहू चरबीत भाजायचे, शिजवायचे, निववायचे, त्यात मोडाच्या गव्हाचं पीठ आणि मागच्या पिंपातलं विरजण घालून आंबवायचं. उन्हात गवत कापणाऱ्याला पाण्याऐवजी हेच हवं. हलकं, आंबूस, नाकात झिणझिण्या आणणारं. विरजण घातलं की फेस येतो हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. नवल होतं ते इतकंच, की या पिंपात विरजण घातलेलंच नव्हतं.

घालणार कुठून? कोक-बुलाकची रीत अशी, की मयताच्या घरातली सगळी भांडी उकळत्या पाण्यानं धुवायची आणि चाळीस दिवस दुसऱ्याच्या घरचं विरजण उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. दुःख लागतं म्हणे. तोक्तोसूननं मधल्या काळात दोनदा मक्सिम लावून पाहिलं. दोन्ही वेळा पेज नुसती थिजून राहिली. बायको रुसून गेली, असंच त्यानं मनाशी धरलं. चाळिसाव्याच्या जेवणाला बक्षी आला, टोकाला लोकरीचा नमदा गुंडाळलेली काठी त्यानं नव्यानं लावलेल्या पेजेत बुडवली, काहीबाही पुटपुटला, आणि सकाळी हे असं.

तोक्तोसूननं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला आणि गुडघ्यावर बसला.

"तिचंच आहे, एजे," तो थोरल्या बहिणीला म्हणाला. "जर्दाळूचा वास येतोय. दुसऱ्या कुणाच्या हाताला हा वास नव्हता."

झूराएजेनं घोट घेतला. वास खरंच होता. बात्मा तिची नुसती भावजय नव्हती, मैत्रीण होती. झूरा गावच्या दवाखान्यातली नर्स. आजवर असल्या बक्षींना ती दारातूनच वाटेला लावत आलेली. आज मात्र तिनं वाटी पुन्हा नाकाशी नेली.

बक्षीचं अजून संपलं नव्हतं. त्यानं पिंपाला कान लावला. "बात्मा म्हणतेय, माझ्या माणसाला सुया टोचू नका. मी आले, आता सुई कशाला? माझं मक्सिम प्या." मग काठीवरच्या नमद्याची एक पट्टी कापून त्यानं तोक्तोसूनच्या मनगटाला बांधली. "ही तिची खूण. काढू नकोस."

तोक्तोसूनला तरुणपणापासून साखरेचा आजार. इन्सुलिनवर त्याचा जीव चाललेला. त्या दिवशी त्यानं सुई घेतली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"अरे, वेडा झालास का?" झूरा म्हणाली. "हे मक्सिम म्हणजे धान्याची पेज. तुझ्या रक्तात साखरच ओततोयस तू."

"बात्मानं मला वाईट पाजलं असतं का?"

"बात्मा तर रोज तुझ्या हातात सुई द्यायची."

"तेव्हा ती जिवंत होती, एजे. आता तिला जास्त कळतं."

झूरानं अर्ध्या मात्रेसाठी हातापाया पडून पाहिलं. तो ऐकेना. तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, तहान भागेना, श्वासाला सडक्या सफरचंदाचा वास येऊ लागला. झूरानं तालुक्याहून गाडी मागवली. तोक्तोसून खाट धरून बसला.

"जबरदस्तीनं नेलंत तर वाटेत उडी मारीन. ती घरी आली आणि मी निघून जाऊ?"

झूराची नजर त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर पडली. नमदा ताठ होता, त्यावर पिवळट खवले वाळलेले. तिनं नाक जवळ नेलं. जर्दाळू.

"पैज लाव माझ्याशी," ती म्हणाली. "या पट्टीचे दोन तुकडे करते. एक उकळत्या पाण्यात घालून काढते, दुसरा तसाच ठेवते. दोन स्वच्छ बरण्यांत ताजी पेज घालून एकेक टाकते. दोन्ही फसफसल्या, तर सुई नदीत फेकून देईन. एकच फसफसली, तर तू मुकाट्यानं हात पुढे करायचास."

"बात्माला उकळत्या पाण्यात घालणार तू?"

"ती आत्मा आहे ना? आत्म्याला काय भाजतंय."

त्यानं पट्टीवरून अंगठा फिरवला. मग त्यानं मनगट पुढे केलं. गाडी दाराशी उभी राहिली आणि झूरा डोळ्याला डोळा न लावता त्याच्या उशाशी बसून राहिली.

सकाळी लोक त्या मक्सिमचा प्रसाद घ्यायला वाट्या घेऊन आले, पुढे बक्षी. खिडकीत दोन बरण्या होत्या. एकीवर बोटभर फेस आला होता. दुसरीतली, उकळलेल्या तुकड्याची, पेज थिजलेली.

"उकळत्या पाण्यानं आत्मा रुसला," बक्षी लगेच म्हणाला.

"बात्मा?" झूरा म्हणाली. "अख्खा जन्म उकळत्या कढईवर उभी राहिलेली बाई. ती गरम पाण्याला रुसते होय रे?"

या वेळी मात्र दोघं-तिघं हसले.

"उकळत्या पाण्यानं मरतं ते यीस्ट. डोळ्याला न दिसणारी बुरशी असते. तिला साखर मिळाली की ती वायू सोडते आणि आपण त्याला फेस म्हणतो. विरजण म्हणजे तीच. कापडावर वाळवली तर महिनोन् महिने निजून राहते, ओल मिळाली की जागी होते. पिंपं आपण उकळत्या पाण्यानं धुतली, म्हणून पेज थिजली. याच्या काठीला विरजण होतं, म्हणून ती फसफसली. मला एवढंच सांगा, बात्माचं विरजण याच्या काठीला आलं कुठून?"

अंगणातल्या माना एकमेकांकडे वळल्या. मग शेजारची अनारखान आपा पदरानं तोंड झाकत पुढे आली. बात्माची भांडी तिनंच धुतली होती.

"मीच दिलं. धुण्याआधी हा मागच्या दारी आला. म्हणाला, तळाचा गाळ फेकू नकोस आपा, माझ्या बकरीला दे. मला काय ठाऊक?"

बक्षी बकरीबद्दल काही सांगू लागला, पण लोकांनी वाट करून दिली ती कुंपणाबाहेरची. काठी मात्र त्यानं बगलेत नीट सांभाळून नेली.

तोक्तोसून भिंतीला टेकून सगळं ऐकत होता. त्यानं बाही वर केली.

"दे, एजे."

झूरानं सुई दिली. तिनं आणि गाडीवाल्यानं मिळून त्याला गाडीत निजवलं. घाट चढताना त्यानं डोळे उघडले.

"म्हणजे ती आली नव्हती."

"नाही रे, राजा."

"पण चव? चव तर तिचीच होती."

"चव खरी होती. तिच्याच हातचं विरजण होतं ते."

"मग मी अगदीच काही खुळा नव्हतो," तो म्हणाला आणि थोडासा हसला. दवाखान्यात त्यांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. पण सुई फार उशिरा पोचली होती. दुसऱ्या दिवशी झूरा भावाला घेऊन त्याच घाटानं परत आली.

माती देऊन माणसं परतली. अनारखान आपानं रीतीप्रमाणे पिंपाशी उकळत्या पाण्याची किटली आणली. झूरानं तिचा हात धरला.

"धुवा, आपा. पण आधी हे काढून घेऊ."

पिंपाच्या तळाशी पिवळा गाळ साचला होता. रडून सुजलेल्या डोळ्यांनी झूरानं तो वाट्यांत काढला आणि आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात एकेक वाटी दिली.

"दुःख लागत नाही याला," ती म्हणाली. "घरी न्या, पेजेत घाला. उद्या फसफसेल. कापणीवाल्यांना पाजा. बात्माची आठवण आली तर खुशाल रडा, मीही रडणार आहे. पण त्या फेसाला कान लावून बसू नका. फेस बोलत नाही, बोलतो तो शेजारी काठी घेऊन उभा असलेला माणूस. तो जेव्हा म्हणेल औषध सोड, तेव्हा आधी दोन बरण्या लावून पाहा. मी एक दिवस आधी लावल्या असत्या, तर माझा भाऊ आज ही वाटी स्वतः प्यायला असता."

अनारखान आपानं वाटी पदराखाली धरली. मग तिनं किटली उचलली आणि पिंपात पाणी ओतलं.